पेटीतली नानकटाई

यंदाच्या दिवाळीला नानकटाई करायची आणि ती भट्टीतून भाजून आणायची, हा निर्णय सूर्यभानने आंघोळ करता करता घेतला. सरकारी माणसाचे मोठे निर्णय बहुधा मोरीतच होतात. कचेरीत नुसत्या त्यांच्या फायली होतात. कमरेला टॉवेल गुंडाळून तो तसाच स्वयंपाकघराच्या दारात आला आणि परिपत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाला, "सगुणा, औंदा करंज्या नकोत, लाडू नकोत. औंदा नानकटाई."

सगुणाबाई भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही. "आधी अंग पुसा," ती म्हणाली.

आता नानकटाईच का, हे सांगायला हवं. परभणीत वसमत रोडला तीन घरांची एक ओळ होती. मधल्या घरात सूर्यभान, कालव्याच्या कचेरीतला ज्येष्ठ लिपिक. डावीकडे व्यंकटराव, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि त्यांच्या पत्नी कमलबाई. उजवीकडे बँकेत कॅशियर असलेले दिनकरराव. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सूर्यभानचं काम सोपं झालं असतं. त्याची आई सरजाबाई तापाने फणफणली, तेव्हा व्यंकटराव स्वतः रिक्षा करून डॉक्टरला घेऊन आले होते. रोज आपलं वाचून झालेलं वर्तमानपत्र ते भिंतीवरून सूर्यभानला देत. त्यात विद्यापीठाच्या नामांतराची बातमी असली की ते पान आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून देत. सात-आठ वर्षं तो वाद चालू होता, आणि या सात-आठ वर्षांत तो शब्द त्या भिंतीवरून एकदाही इकडे आला नव्हता. एवढी काळजी घेणारा शेजार कुठे मिळतो?

दिवाळीला दोन्हीकडून फराळाची ताटं यायची. सगुणाबाईचीही जायची, वर विणलेला रुमाल टाकून. थोड्याच वेळात ताट धुऊन परत यायचं. रिकामं ताट परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर असायची, आणि वर निरोप, "लय छान झालतं हो!" सगुणाबाईला त्या निरोपाचं फार अप्रूप वाटायचं. तिच्या हाताला चव होती आणि ते तिला ठाऊक होतं. पण गेल्या दिवाळीला सरजाबाई परसात ऊन खात बसली असताना कमलबाई ते ताट दारच्या गाईपुढे रिकामं करताना तिला दिसल्या. म्हातारीने जेवताना तसंच सांगून टाकलं. "तुझ्या करंज्या गाईनं लय आवडीनं खाल्ल्या बग."

सगुणाबाईला फार लागलं. वर्षभर तिने कढईत सणाचं म्हणून काही सोडलं नाही. पंचमी गेली, पोळा गेला. सूर्यभानने एकदा भज्यांचा विषय काढून पाहिला. "कुणासाठी?" असं तिने विचारलं, आणि "माझ्यासाठी" म्हणायचा त्याला धीर झाला नाही. तिची इच्छा एवढीशीच होती. आपल्या हातचं शेजारच्या कुणीतरी आपल्यासमोर तोंडात घालावं. त्यापुढे मग नावं ठेवली तरी चालतील.

यावर सूर्यभानने पुष्कळ विचार केला होता आणि त्यातून त्याचा सिद्धान्त निघाला होता. व्यंकटराव रोज सकाळी बेकरीवाल्या उस्तादच्या भट्टीतले टोस चहात बुडवून खात. ते पीठ कुणी मळलं, पाव कुणी कापला, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. सगळी परभणी दिवाळीला मैदा, साखर, डालडा घेऊन त्याच भट्टीवर जायची आणि डबे भरून नानकटाई आणायची. म्हणजे भट्टीतून निघालेली वस्तू कुणाच्याच हातची राहत नाही. साहेबांची सही झाली की टिपणी कोणत्या कारकुनाने लिहिली हे कुणी पाहत नाही, तसंच हे. भट्टी म्हणजे साहेबांची सही.

"आन ती बी गाईला गेली तर?" सगुणाबाईने विचारलं.

"भट्टीची नानकटाई गाईला कोण घालतंय? काहीतरीच बोलायलीस."

सगुणाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग हळूच म्हणाली, "वरून चारोळी लावावं म्हणते." सूर्यभानला त्या क्षणी आपला पगार वाढल्यासारखं वाटलं.

बातमी भिंतीपलीकडे जायला वेळ लागला नाही. व्यंकटराव आपल्या भिंतीशी येऊन उभे राहिले. "डालडाच घ्या हं, सूर्यभानराव. तुपाची पसरती. पार पापड होतो तिचा." दुसऱ्या भिंतीवरून दिनकरराव गरजले, "डालडा? अहो, हैदराबादला खाऊन बघा एकदा. अस्सल तूप!" दिनकरराव बँकेच्या परीक्षेला एकदा हैदराबादला गेले होते. परीक्षेत नापास झाले, पण तेव्हापासून खाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा असे. वाद सूर्यभानच्या परसावरून इकडून तिकडे चालला. मध्ये उभ्या सूर्यभानला कुणी काही विचारलं नाही. शेवटी तिघांनी मिळूनच भट्टीवर जायचं ठरलं, एकाच दिवशी, एकाच रिक्षात. सूर्यभानची छाती फुगली. सिद्धान्ताला पहिला पुरावा मिळाला होता.

पहिलं विघ्न साखरेचं आलं. सणाची जादा साखर रेशनवर मिळणार होती, पण दुकानदाराने कार्डावर बोट ठेवलं. सरजाबाईचं नाव इथल्या कार्डावर चढलं होतं; गावच्या कार्डावरून कमी झाल्याचा दाखला कुठे होता? गाव पोखर्णीच्या पलीकडे. तिथलं घर अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातल्या दंगलीत जाळलं गेलं, आणि घराबरोबर कार्डही. सूर्यभानने हे शक्य तितक्या सरकारी भाषेत सांगितलं.

"मग जळाल्याचा दाखला आणा," दुकानदार म्हणाला.

सूर्यभान स्वतः लिपिक असल्यामुळे त्याला ही मागणी वाजवीच वाटली. घरी येऊन त्याने आईला समजावून सांगितलं की नियमाप्रमाणे असा दाखला लागतोच. सरजाबाईने सुपारी कातरायची थांबवली.

"कुणाकडून आणू, बाबा? ज्यानं जाळलं त्याच्याकडून आणू?"

सूर्यभानने खुल्या बाजारातून साखर आणली.

भट्टीवर ही गर्दी. जो तो आपल्या डब्यापाशी पहारा देत उभा, कारण आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये हा भट्टीवरचा पहिला धर्म. उस्तादने तिघांचा माल आपापल्या परातीत मळला. व्यंकटराव सूर्यभानच्या परातीत वाकून म्हणाले, "तुमचं पीठ लय मऊ झालं बुवा." सूर्यभानने हे वाक्य सगुणाला सांगायचं म्हणून मनात जपून ठेवलं. आता नानकटाईचे पत्रे आत सरकणार, एवढ्यात भट्टीच्या आतून धप्प असा आवाज झाला आणि तोंडातून राख आणि धूळ यांचा लोट बाहेर आला. आतली कमान बसली होती. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. उस्ताद पिठाचे हात तसेच डोक्याला लावून उभे राहिले.

"क्या बोलूं साब. भट्टीच बैठ गई. अब दिवाली के बादच देखो."

परतीच्या रिक्षात तीन प्रतिष्ठित नागरिक मांडीवर मळलेल्या पिठाचं पातेलं घेऊन बसले होते. मयतीहून परतावं तसं कुणी कुणाशी बोललं नाही. साखर विरघळून पीठ सैल पडायला लागलं होतं. उद्यापर्यंत ठेवलं तर नानकटाईची खळ झाली असती आणि तिने आकाशकंदील चिकटवावे लागले असते.

उपाय काढला कमलबाईंनी. भिंतीवर कोपर टेकून त्या म्हणाल्या, "सगुणाबाई, आमच्या माहेरी गंगाखेडला पातेल्यात वाळू घालून भाजायचे. खाली इस्तू, वर इस्तू." त्यांनी हातवारे करून सगळं नीट समजावलं. खरोखर मनापासून सांगितलं. पण पातेल्यात अशा किती मावणार? सूर्यभान आकडेमोड करत बसला असताना सरजाबाई आतून म्हणाली, "माझी पेटी घ्या की."

ती लोखंडी पेटी म्हणजे गावच्या घरातून निघालेली एकमेव वस्तू. तिचा हिरवा रंग एका बाजूने पार काळा पडला होता. म्हातारीची दोन लुगडी आणि नवऱ्याचा फेटा तिच्यात असे, आणि ती कुणाला हात लावू देत नसे.

"माय, पेटी खराब होईल," सूर्यभान म्हणाला.

"एकदा आगीतून निघालीया ती. तिला काय हुतंय?" म्हातारीने लुगडी काढून खाटेवर ठेवली.

यानंतरची कामगिरी सूर्यभानने स्वतःच्या देखरेखीखाली घेतली, आणि म्हणून ती बिघडली. विटा मांडल्या, त्यावर पेटी, पेटीत वाळू, वाळूवर पत्रा, झाकणावर निखारे. पहिल्या खेपेला उरलासुरला हिरवा रंग पेटला आणि असा वास सुटला की दिनकरराव नाकाला रुमाल लावून विचारायला आले की कुणी टायर जाळायलंय का. दुसऱ्या खेपेला पेटी तापून फुगली आणि झाकण अडकलं. सूर्यभानने ओढलं, व्यंकटरावांनी भिंतीपलीकडून "डावीकडून, डावीकडून" असं मार्गदर्शन केलं, आणि झाकण निघालं ते वरच्या निखाऱ्यांसकट सूर्यभानच्या पायावर आलं. नव्या पायजम्याला अशा जागी भोक पडलं की पुढचं सगळं पर्यवेक्षण त्याला भिंतीला पाठ लावून करावं लागलं. आतली नानकटाई कोळशात हरवली होती. वेगळी काढायची सोयच उरली नाही.

तेव्हा सगुणाबाईने पदर खोचला आणि त्याला बाजूला केलं. तिने निखारे कमी केले, झाकणाखाली एक काडी सरकवून फट ठेवली, आणि गोळे वळून प्रत्येकावर अंगठ्याने एकेक चारोळी दाबली. थोड्या वेळाने वेलचीचा वास सुटला. तो तिन्ही परसांत पसरला. व्यंकटराव मार्गदर्शन सोडून भिंतीवर वाकले.

पेटी उघडली. बदामी रंगाच्या, वरून भेगाळलेल्या नानकटाया. अशा भट्टीवरही निघाल्या नसत्या.

आता शेजाऱ्यांची अडचण सुरू झाली. त्यांचं पीठ सैल होत चाललं होतं आणि परभणीत चालू स्थितीतली भट्टी एवढी एकच होती. कमलबाई आत गेल्या, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. शेवटी दिनकररावांनी कोंडी फोडली. "अहो, पीठ आपलं, तूप आपलं. आग काय कुणाची असती का?" हैदराबादी माणसाचा शब्द. दोन्ही पातेली भिंतीवरून आली.

ती दुपार सूर्यभानच्या आयुष्यातली फार मोठी दुपार होती. सगुणाबाई तिन्ही घरांची नानकटाई वळत होती. कमलबाई भिंतीवरून म्हणत होत्या, "जरा लहान वळा, एका घासाच्या," आणि ती एका घासाच्या वळत होती. दिनकररावांच्या पत्नी दुसऱ्या भिंतीवरून हसत होत्या. भिंत ओलांडून अलीकडे कुणी आलं नाही, पण दिवाळीत घरची कामं असतात, असं सूर्यभानने स्वतःला सांगितलं. खुर्ची टाकून तो कार्यकारी अभियंत्यासारखा बसला होता. "तुमच्या हाताला गुण हाय हो," कमलबाई म्हणाल्या, आणि सगुणाबाईच्या तोंडावर जे आलं ते सूर्यभानने वर्षभरात पाहिलं नव्हतं. सरजाबाईसुद्धा म्हणाली, "बरी भट्टी निघाली माझी पेटी."

शेजाऱ्यांचे डबे भरून गेले. दिवाळीच्या दिवशी सगुणाबाईने आपली दोन ताटंही पाठवली. ती धुऊन परत आली, साखर घालून, "लय छान झालतं" या निरोपासकट. या वेळी सूर्यभान मुद्दाम परसात जाऊन बसला होता. गाय आली, उभी राहिली आणि तशीच गेली. त्याने आत येऊन बायकोला सांगितलं, "गाय उपाशी गेली." सगुणाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाडव्याच्या सकाळी चांगुणाबाई आली. ती दोन्ही शेजाऱ्यांकडची भांडी घासायची. सगुणाबाईशी तिची ओळख चुन्या-तंबाखूपुरती. तिच्या पदरात भलंमोठं गाठोडं होतं.

"बाई, तुमच्याकडं नानकटाई झाल्या का न्हाई? न्हाई तर घ्या ह्यातल्या. कमलबाईनं आख्खा डबा दिला, दिनकररावांच्या घरनं बी आख्खा डबा, आन वर अजून येगळ्या. माझी पोरं खाऊन खाऊन दमली. औंदा काय झालंय या लोकांना, लय मोठं मन झालंय."

तिने गाठोडं सोडलं. प्रत्येक नानकटाईवर मधोमध सगुणाबाईच्या अंगठ्याचा दाब होता.

सूर्यभान बघत राहिला. आपल्या ताटातली नाही खाल्ली, हे त्याला कळत होतं. त्याची सवय होती. पण त्यांनी स्वतःचा मैदा टाकला होता. स्वतःचं तूप टाकलं होतं. दिनकररावांनी तर अस्सल तूप टाकलं होतं! सगुणाच्या बोटाने वळलेलं म्हणून. त्याला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, जशी काही चूक त्याच्याच हातून झाली होती. त्याची फाईल साहेबांच्या सहीसकट परत आली होती.

सगुणाबाईने चांगुणाबाईला चहा दिला. गाठोडं पुन्हा बांधून दिलं. "पोरांना ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरांना आवडल्या न्हवं?"

"आता काय सांगू बाई, भांडणं लागली."

"मग झालं तर."

त्या दिवशी दुपारी, कमलबाईंचा डोळा लागल्यावर, व्यंकटराव परसातल्या भिंतीशी आले. आधी त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सूर्यभानराव, एक काम व्हतं. परवा भाजताना वास आला तवापासून जीव अडकलाय बघा. हिनं सगळ्या देऊन टाकल्या, मला चाखू बी दिली न्हाई. एक द्या की. आमच्या घरात कळू देऊ नका."

सूर्यभानचं काळीज सुपाएवढं झालं. हे सांगायला अवघड आहे, पण खरं आहे. सकाळचा सगळा राग एका क्षणात गेला. कुणीतरी मागत होतं! तो जवळजवळ धावत आत गेला, डबा घेऊन आला, झाकण काढलं. व्यंकटरावांनी भिंतीवरून हात पुढे केला. तेवढ्यात सगुणाबाई मागून आली आणि तिने डब्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

"मास्तर, डबा भरलेला हाय," ती म्हणाली. "पुढच्या दारानं या. खुर्चीवर बसा. मी चहा टाकते. पाहिजे तितक्या खावा."

"अहो, बसायला येईन की निवांत. आत्ता नुसती एक..."

"हितून न्हाई, मास्तर."

ती रागावली नव्हती. पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. व्यंकटरावांनी टोपी नीट केली, डब्याकडे पाहिलं, आपल्या घराकडे पाहिलं. "बरं, बरं. येतो की. पुढून येतो," म्हणून ते गेले.

"कशाला अडवलंस?" सूर्यभान चिडून म्हणाला. "खात होता ना माणूस! तुला हेच पाहिजे व्हतं ना?"

सगुणाबाई आत गेली. तिने चहाचं आधण ठेवलं. सूर्यभानने पुढचं दार सताड उघडलं, खुर्ची पुसली, पंचा झटकून पुन्हा पुसली. बशीत नानकटाया मांडल्या. चहा उकळला, कपात ओतला.

"येत न्हाई त्यो," सरजाबाई खाटेवरून म्हणाली.

"येतील," सूर्यभान म्हणाला. "धोतर बदलत असतील."

रस्त्यावर पोरं फटाके उडवत होती. चहावर साय धरली. मग शेजारच्या घराचं पुढचं दार वाजलं. सूर्यभान उठून उंबऱ्यापर्यंत गेला. दार उघडल्याचा तो आवाज नव्हता. आतून कडी घातली होती.

तो तिथेच थोडा वेळ उभा राहिला, कारण वळून बायकोकडे बघायचं त्याच्या जिवावर आलं होतं. वळला तेव्हा सगुणाबाई त्या पुसलेल्या खुर्चीवर बसली होती. तिने बशीतली एक नानकटाई उचलली, आख्खी तोंडात घातली आणि सावकाश खाल्ली. इतक्या सगळ्या भाजल्या, पण तिने स्वतः अजून एकही चाखली नव्हती.

"चांगली झालीय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.